ऊन-पावसात टिकणारे मावळे: बाहेर ठेवायच्या थ्रीडी प्रिंटसाठी फिलामेंट कसं निवडायचं

प्रिंटर नवीन घेतला की बहुतेक सगळे एकाच वाटेने जातात. सोबत आलेल्या पीएलए नावाच्या सोप्या प्लास्टिकच्या तारेत (या तारेलाच फिलामेंट म्हणतात) चार-दोन खेळणी काढतात, मग एखादा गणपती, मग दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे, आणि मग कुणीतरी म्हणतं की अरे हे गच्चीतल्या कुंडीत ठेवूया ना, छान दिसेल. कपाटात वर्षानुवर्षं ठणठणीत राहणारी तीच मूर्ती गच्चीवर एप्रिलमध्ये मान टाकते, भाल्याचं टोक जमिनीकडे वळतं, घोड्याचे पाय गुडघ्यात वाकतात. प्रिंट चांगलीच आलेली असते, सेटिंगमध्येही काही चुकलेलं नसतं, फक्त माल त्या जागेसाठी नसतो.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांना पीएलए बऱ्यापैकी जमायला लागलंय आणि आता बाहेर ठेवायच्या फिगर करायच्यात, म्हणजे किल्ल्यावरची चित्रं, बागेतले पुतळे, गेटवरचा वाघ, गाडीतला गणपती असलं काहीही. एक आधीच सांगतो, परदेशातले व्हिडिओ बघून ठरवू नका. तिकडे कुणी म्हणतो माझं पीएलएचं मॉडेल दोन वर्षं अंगणात आहे, ते त्याच्या हवेत खरंही असेल, पण नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि रत्नागिरीत जुलैमध्ये भिंतीसुद्धा ओल्या असतात, त्यामुळे आपली गणितं वेगळी आहेत.

घाई असेल तर उत्तर एवढंच: बंद कॅबिनेटचा प्रिंटर असेल तर एएसए, उघडा प्रिंटर असेल तर पीईटीजी (दोन्ही पीएलएसारखीच फिलामेंटची नावं) आणि वरून रंग, पीएलए फक्त दिवाळीपुरतं. पण नुसतं नाव बघून स्पूल, म्हणजे फिलामेंटचं रीळ, मागवलात तर निम्मे पैसे वाया जाऊ शकतात, कारण रंग कुठला, भिंत किती जाड आणि पाणी कुठे साठतंय यावरही तेवढंच अवलंबून असतं. तर नीट क्रमाने बघू.

१. आधी जागा ठरवा, फिलामेंट नंतर

मूर्ती कुठे राहणार हे कागदावर लिहा. खरंच लिहा, कारण "बाहेर" या एका शब्दात चार-पाच वेगवेगळ्या जागा येतात.

दिवाळीचा किल्ला: ऑक्टोबर-नोव्हेंबर, फार तर दोन आठवडे, ऊन सौम्य. इथे साधं पीएलए चालतं, उगाच महाग माल घालू नका. किल्ल्यावर हळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी मारतात त्या पाण्याने पीएलएला काही होत नाही. धोका दोनच, पणती आणि मे महिना. पणती मावळ्याच्या शेजारी ठेवली की प्लास्टिक कुठलंही असो, बिचारा वितळणारच, तर वीतभर अंतर तरी ठेवा आणि फटाके त्याहून लांब. आणि दिवाळी संपल्यावर आपण हे सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकतो. वर पत्रा असेल तर उन्हाळ्यात त्या माळ्यावर भट्टी होते आणि पुढच्या वर्षी खोकं उघडल्यावर अख्खी फौज झोपलेली मिळते. खोकं कॉटखाली ठेवा, विषय संपला.

सावलीतली बाल्कनी: थेट ऊन तास-दीड तास, पाऊस तिरका आला तरच. पीईटीजी आरामात.

उघडी गच्ची, अंगण, कंपाउंडची भिंत: दिवसभर ऊन, चार महिने पाऊस. इथे एएसए, किंवा नीट रंगवलेलं पीईटीजी.

गाडीचा डॅशबोर्ड: ही सगळ्यात वाईट जागा आणि लोकांना ती बाहेर वाटतच नाही. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे, कधी ८० च्या आसपास जातो. पीएलए एका दुपारीत जातं, पीईटीजी काठावर असतं. इथे एएसए किंवा एबीएस, दुसरं काही नाही.

कोकण, गोवा, समुद्राकाठ: ऊन-पाऊस आहेच, वर खारी हवा. प्लास्टिकला खाऱ्या हवेने फरक पडत नाही, पण आत घातलेली सळई, स्क्रू, तार हे गंजतं आणि गंजाचे तांबडे ओघळ मूर्तीवरून खाली येतात. धातू वापरायचाच तर स्टेनलेस.

२. नेमकं काय बिघडतं ते समजून घ्या

पहिली गोष्ट उष्णता. प्रत्येक प्लास्टिकचं एक तापमान असतं ज्याच्या वर ते वितळत नाही पण ढिलं पडतं, त्याला ग्लास ट्रान्झिशन म्हणतात. नोझलचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोंडाचं तापमान आणि हे, दोन्ही वेगळे आकडे आहेत, गल्लत करू नका. पीएलए ५५ ते ६०, पीईटीजी साधारण ८०, एबीएस आणि एएसए १०० च्या थोडं इकडे-तिकडे, पॉलिकार्बोनेट १४५ च्या आसपास. आता तुम्ही म्हणाल आपल्याकडे हवा ४२ अंश, मग पीएलए ५५ ला कसं पोचतं? हवा ४२ असते, वस्तू नाही. उन्हातली गडद रंगाची वस्तू हवेपेक्षा वीसएक अंशांनी सहज जास्त तापते, गच्चीच्या फरशीला दुपारी हात लावून बघा. शिवाय त्या तापमानाच्या जरा खाली असतानाही वजन सतत एकाच बारीक जागी पडत असेल तर प्लास्टिक हळूहळू सरकत राहतं. म्हणून जाडजूड नंदी टिकतो आणि एका पायावर उभा असलेला नटराज कलतो.

दुसरी गोष्ट अतिनील किरण. एबीएसमध्ये चिवटपणासाठी ब्युटाडाईन नावाचं रबर असतं, त्याच्या रेणूतल्या दुहेरी बंधांवर ऊन आणि ऑक्सिजन हल्ला करतात, मग ते पिवळं पडतं, पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि शेवटी टिचकी मारली तरी तुकडा पडतो. एएसएमध्ये त्याच रबराच्या जागी अॅक्रिलेट रबर घातलेलं असतं, ज्यात ते दुहेरी बंध नाहीत. एवढाच फरक, पण तेवढ्यावर एक वस्तू वर्षभरात कोळपते आणि दुसरी वर्षानुवर्षं राहते. एएसए काही प्रिंटरवाल्यांसाठी नवीन शोधलेलं नाही, गाड्यांचे बाहेरचे भाग, आरशांची कव्हरं यांत ते कितीतरी वर्षांपासून आहे.

तिसरी पाणी. लोक पाण्याला सगळ्यात जास्त घाबरतात आणि खरं तर त्याचा त्रास सगळ्यात कमी. पाणी प्लास्टिकला फारसं काही करत नाही, ते आत शिरून बसतं तो त्रास. थरांच्या फटींतून पाणी आत जातं, पोकळ इनफिलमध्ये, म्हणजे मूर्तीच्या आतल्या जाळीत साठतं, मग बुडाशी हिरवं शेवाळ, आणि वर मूर्ती तापली की आतली हवा-पाणी फुगून शिवण उघडते. त्याचा उपाय फिलामेंटमध्ये नाही, मॉडेलमध्ये आहे, तो पुढे येतो.

३. एकेक माल, सरळ भाषेत

पीएलए: वर सांगितलं तेवढंच. त्याच्यावर प्लस, प्रो, टफ असं काही लिहिलेलं असलं तरी हुरळून जाऊ नका, त्या नावांमागे कुठलंही प्रमाण नाही, प्रत्येक कंपनीचं मिश्रण वेगळं. बहुतेक वेळा ते कमी ठिसूळ असतं, उन्हात मऊ पडण्याचं तापमान मात्र तेच राहतं. सिल्क पीएलए मूर्तींना फार शोभतं, सोनेरी-तांबेरी चमक येते, पण थर एकमेकांना कमी धरतात, बाहेर नको. लाकडाचा भुसा घातलेलं पीएलए पावसात ओल धरतं, तेही नको. उष्णता सहन करणारं पीएलए मिळतं, पण प्रिंट झाल्यावर ओव्हनमध्ये भाजल्याशिवाय बहुतेकांत ती ताकद येत नाही आणि भाजताना मूर्ती आक्रसते, नाक-डोळे हलतात. सुटे पार्ट करणाऱ्यांना ठीक, आपल्याला नाही.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो कारण गणपतीच्या आधी तो दरवर्षी ऐकू येतो: पीएलए मक्यापासून बनतं, ते विघटनशील आहे, म्हणजे विसर्जनाला चालेल. नाही चालणार. पीएलए कुजायला औद्योगिक कंपोस्टिंगमधली ५८-६० अंशांची सततची उष्णता आणि ओल लागते. तळ्यात, विहिरीत, बादलीत ते विरघळत नाही, तसंच पडून राहतं. विसर्जनाची मूर्ती शाडूचीच घ्या, प्रिंटेड मूर्ती कायमची ठेवायला.

पीईटीजी: उघड्या प्रिंटरवर होणारा, बाहेर चालणारा माल म्हटलं तर हाच. लवचीक आहे, पडला तर फुटत नाही, पाण्याला काही वाटत नाही, उन्हात एबीएसपेक्षा बरा टिकतो. कटकट अशी की हा दोऱ्या फार सोडतो. मूर्तीच्या हात आणि ढालीच्या मध्ये कोळ्याचं जाळं होतं. फिलामेंट कोरडं असेल तर निम्मी जाळी जाते, उरलेली हीट गनने झटकन उडवायची. बारीक चेहऱ्याचं काम पीएलएइतकं कुरकुरीत येत नाही हे मान्य करून चला.

एबीएस: एएसए मिळत असताना बाहेरच्या वस्तूसाठी एबीएस घेण्याचं मला काही कारण दिसत नाही. प्रिंट करायला दोन्ही तितकेच त्रासाचे, मग त्रास घ्यायचाच तर उन्हात टिकणारा घ्या. घरात आधीचं एबीएसचं स्पूल पडलं असेल तर वापरा, पण पूर्ण रंगवून.

एएसए: हा खरा बाहेरचा माल. १०० अंशांच्या जरा खालपर्यंत ताठ, उन्हात रंग धरतो, मॅट दिसतो त्यामुळे थर कमी दिसतात, घासायला सोपा, रंगही छान धरतो. किंमत पीएलएपेक्षा जास्त असते पण एक गोष्ट लोक मोजत नाहीत, एएसए हलका आहे. पीएलएची घनता १.२४ आणि एएसएची साधारण १.०७, म्हणजे १.७५ मिमी जाडीच्या एक किलो स्पूलमध्ये पीएलए ३३५ मीटर येतं तर एएसए जवळजवळ ३८८ मीटर. तेवढ्याच किलोत जास्त मावळे निघतात. तोटे: वास, वार्पिंग (छापताना कोपरे वर उचलले जाणं) आणि बंद प्रिंटरची गरज.

बाकीचे थोडक्यात. नायलॉन ओल पितं, मूर्तीसाठी नको. पॉलिकार्बोनेटला २७० च्या वर नोझल लागतं आणि उन्हात पिवळं पडतं, एवढा खटाटोप मूर्तीसाठी कशाला. टीपीयू रबरी, मुलं आपटणार असतील त्या खेळण्यांना ठीक. अंधारात चमकणारं फिलामेंट बागेत गंमत म्हणून मस्त वाटतं पण त्यातले कण पितळी नोझल घासून खातात, आधी हार्डन्ड स्टीलचं नोझल लावा. आणि रेझिन प्रिंटरवाले (तारेऐवजी पातळ रेझिन प्रकाशाने कडक करून छापणारे) विचारतात म्हणून: साध्या रेझिनच्या फिगर कितीही रेखीव आल्या तरी उन्हात ते रेझिन आणखी आणखी कडक होत ठिसूळ होतं, त्या शोकेसमध्येच शोभतात.

४. तुमच्या प्रिंटरला काय झेपतं ते तपासा

स्पूल मागवायच्या आधी हे बघा, नंतर नाही.

नोझल: एएसएला २४० ते २६० अंश लागतात. एन्डर ३ सारख्या जुन्या मशीनच्या मूळ हॉटएंडमध्ये (प्लास्टिक वितळवणाऱ्या भागात) पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची नळी थेट नोझलपर्यंत जाते. २४० च्या वर ती नळी खराब व्हायला लागते आणि त्याचा धूर तब्येतीला वाईट. तसा प्रिंटर असेल तर एकतर ऑल-मेटल हॉटएंड बसवा नाहीतर पीईटीजीवर २३०-२३५ ला समाधान माना.

बेड, म्हणजे ज्यावर मूर्ती छापली जाते तो गरम पाट: एएसएला ९० ते ११० हवं. बांबू लॅबच्या ए१ मिनीचा बेड ८० पर्यंतच जातो, म्हणजे त्यावर पीईटीजी. विकत घेताना माहितीपत्रकात हा आकडा असतो, कुणी वाचत नाही.

एन्क्लोजर: बांबू लॅबचा पी१एस किंवा क्रिएलिटीचा के१ यांसारखे बंद प्रिंटर असतील तर प्रश्नच नाही. उघड्या प्रिंटरला तंबूसारखं कव्हर मिळतं, ते आग न पकडणाऱ्या कापडाचं घ्या. थर्माकोल आणि पुठ्ठ्याची जुगाडं रात्रभर चालू ठेवून झोपू नका, आणि जमत असेल तर पॉवर सप्लाय त्या गरम खोक्याच्या बाहेर काढा.

खोली: एएसए-एबीएस छापताना स्टायरिनचा वास सुटतो, आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक कणही. बेडरूममध्ये, लहान मूल झोपतं त्या खोलीत अजिबात नको. खिडकीशी एक्झॉस्ट असलेली जागा बघा, वन बीएचकेमध्ये ते जमत नसेल तर सरळ पीईटीजी घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

५. काय काय जमवायचं

– फिलामेंट, १.७५ मिमी, सीलबंद, आत सिलिका जेल असलेलं
– फिलामेंट ड्रायर, आणि झाकण घट्ट बसणारा मोठा डबा
– टेक्श्चर्ड पीईआय शीट (बेडवर बसवायचा खरखरीत पत्रा) आणि ग्लू स्टिक
– २२० ते ४०० नंबरचे पॉलिश पेपर, पाण्यात चालणारे
– प्लास्टिक प्रायमर, रंग, यूव्ही संरक्षण असलेला क्लिअर कोट
– दोन भागांचं इपॉक्सी, २-३ मिमीची स्टेनलेस सळई
– सेंद्रिय वाफांचं फिल्टर असलेला मास्क, धुळीचा कापडी मास्क नव्हे

स्पूल घेताना रंगाकडे लक्ष द्या. काळ्या रंगातला कार्बन ब्लॅक अतिनील किरण फार चांगले अडवतो, पण काळा तापतो. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड किरण परतवतं आणि वस्तू थंड राहते. म्हणून एएसए असेल तर काळा-करडा बिनधास्त, पीईटीजी असेल तर पांढरा किंवा फिका घ्या. पारदर्शक पीईटीजी बाहेर ठेवू नका, ऊन आरपार जातं.

ऑनलाइन जाहिरातीत "वेदरप्रूफ" लिहिलेलं असेल तर आधी मालाचं नाव शोधा. ते कुठेच लिहिलेलं नसेल तर पुढच्या स्पूलवर जा.

६. वाळवा. आपल्याकडे हे टाळता येत नाही

जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघडं ठेवलेलं स्पूल ओल धरतंच, पुण्यात थोडी, मुंबई-कोकणात भरपूर. नोझलमधून चटचट आवाज येतो, बाहेर पडणाऱ्या धाग्यात बुडबुडे दिसतात, मूर्तीला लव आल्यासारखी दिसते. बाहेरच्या वस्तूला हे जास्त महागात पडतं कारण ओल्या मालाचे थर नीट चिकटत नाहीत आणि नेमकं तिथूनच पाणी शिरतं.

पीईटीजी ६५ अंशांवर सहाएक तास, एएसए ८० वर चार ते सहा तास. पीएलए ५० च्या वर नेऊ नका. ड्रायर नसेल तर स्पूल प्रिंटरच्या बेडवर आडवं ठेवून वर त्याचंच पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाला, खोक्याला वर दोन-तीन भोकं, बेड ६५-७० ला (पीएलए असेल तर ५० च्या आतच), आणि अधूनमधून स्पूल उलटं करा. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नका घालू, त्याचं थर्मोस्टॅट वर-खाली उड्या मारतं आणि स्पूलचा एक गोळा होऊन बाहेर येतो.

७. मॉडेलमध्ये काय बदलायचं

मला विचाराल तर टिकाऊपणा निम्मा इथे ठरतो. नेटवर मिळणारी मॉडेलं शोकेससाठी बनवलेली असतात, तलवार एक मिलिमीटर, मनगट दोन.

भिंती वाढवा, इनफिल नाही. ०.४ नोझलने चार भिंती म्हणजे साधारण १.६ मिमी जाडी, बाहेरच्यासाठी हा कमीत कमी आकडा. वरचे थर सहा-सात, नाहीतर डोक्यावरून, खांद्यावरून पाणी झिरपतं. इनफिल १५-२० टक्के जायरॉइड (नागमोडी लाटांची जाळी) पुरे. १०० टक्के इनफिल टाकून काही मिळत नाही, एएसएमध्ये तर आतले ताण वाढून चीर पडायची शक्यता वाढते.

बुडाला भोक ठेवा. ४-५ मिमीची दोन भोकं, चौथऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि चौथरा जमिनीला टेकून बसणार असेल तर खाली तीन बारीक पाय म्हणजे पाणी निघून जाईल. जायरॉइडचा फायदा इथेही होतो, त्याच्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात त्यामुळे आत गेलेलं पाणी भोकापर्यंत येतं. पूर्ण बंद मूर्ती जास्त सुरक्षित वाटते पण ती खरोखर हवाबंद कधीच नसते.

खोलगट जागा बघा. ओंजळ, उपडी न केलेली ढाल, टोपाची वाटी, इथे पाणी साठतं आणि शेवाळासोबत डासही होतात. तिथेही एक ड्रेन.

बारीक भाग वेगळे छापा. तलवार, भाला, झेंड्याची काठी उभी छापली तर थर आडवे पडतात आणि जरा धक्का लागला की कट्कन तुटते, तेच आडवं झोपवून छापलं तर थर लांबीच्या दिशेने जातात आणि चिवट होते. हातात भोक ठेवून नंतर बसवा. भाल्याच्या जागी सरळ स्टेनलेसची सळई आणि फक्त पातं छापलेलं, हे सगळ्यात उत्तम. घोड्याच्या पायांतूनही सळई घाला. आणि झेंडा चिकटवू नका, नुसता खोचा, कारण स्वस्तातले भगवे आणि गुलाबी रंग सगळ्यात आधी उडतात आणि झेंडा बदलावा लागणार हे धरूनच चालायचं.

८. प्रिंट करताना

पीईटीजी: नोझल २३०-२४५, बेड ७०-८५, फॅन ३०-५० टक्के, वेग कमी. गुळगुळीत पीईआय किंवा काचेवर पीईटीजी इतकं घट्ट बसतं की काढताना काचेचा टवका निघतो, म्हणून खाली ग्लू स्टिकचा थर द्या. इथे ग्लू चिकटवायला नाही, सोडवायला लावतोय.

एएसए: नोझल २५०-२६०, बेड १००, फॅन बंद किंवा फार तर १०-२० टक्के, दार बंद. सुरू करायच्या आधी बेड तापवून दहा-पंधरा मिनिटं आतली हवा गरम होऊ द्या. सुटे मावळे एएसएमध्ये काही फार कठीण नसतात, कारण त्यांचा तळ छोटा असतो. रडवतो तो चौथरा. मोठा चौकोनी सपाट चौथरा चारही कोपऱ्यांनी वर उचलला जातो. म्हणून कोपरे गोल करा, ८ मिमी ब्रिम (तळाभोवती पातळ झालर) द्या, ग्लू लावा, आणि तरीही ऐकत नसेल तर चौथरा पीईटीजीमध्ये छापून वर एएसएची मूर्ती इपॉक्सीने बसवा. चौथऱ्याला कुणी निरखून बघत नाही.

फॅन बंद असल्याचा एक त्रास म्हणजे तुरा, बोटं, नाकाचं टोक असे इवलेसे थर थंड व्हायच्या आत वर पुढचा थर येतो आणि टोकाचा गोळा होतो. त्यावर सोपा उपाय, एका वेळी तीन-चार मावळे लावा, म्हणजे एकाचं टोक थंड होईपर्यंत नोझल दुसऱ्याकडे असतं. एकच करायचा असेल तर स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक थराला किमान १२-१५ सेकंद द्या.

प्रिंट झाली की लगेच दार उघडायचा मोह होतो, उघडू नका. बेड ५० च्या खाली येईपर्यंत थांबा. गरम मूर्तीला पंख्याची थंड हवा लागली की मध्येच आडवी चीर पडते, आणि ती कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसते.

९. रंग आणि क्लिअर कोट

नुसत्या एएसएला रंगाची गरज नाही, पीईटीजीला आहे. रंग म्हणजे इथे शोभा नाही, छत्री आहे.

आधी २२० ने घासा, मग ४००. पीईटीजीवर रंग सहज धरत नाही, गुळगुळीत ठेवलंत तर पहिल्या पावसात सालपटं निघतील. घासून झालं की साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, प्लास्टिक प्रायमरचे दोन पातळ हात. एएसए अॅसिटोनच्या वाफेने गुळगुळीत करता येतं पण चेहऱ्याची रेघ पुसली जाते, आणि अॅसिटोन झटकन पेट घेतं, गॅसजवळ किंवा गरम करून असले प्रयोग करायचे नाहीत. मूर्तीसाठी पेपरच बरा. हां, एएसएचे दोन तुकडे जोडायला मात्र अॅसिटोनमध्ये एएसएचे तुकडे विरघळवून केलेली पेस्ट झकास, वेल्डिंग केल्यासारखं जोडतं. पीईटीजीवर अॅसिटोनचा हा उपयोग नाही, तिथे इपॉक्सी.

रंगांमध्ये गेरू, पिवळी माती, काळा, पांढरा हे खनिज रंग उन्हात वर्षानुवर्षं टिकतात. मूर्तीचे मोठे भाग या रंगांत ठेवा आणि भडक रंग छोट्या जागी, जिथे परत हात मारणं सोपं.

शेवटी क्लिअर कोट, दोन-तीन पातळ हात, यूव्ही संरक्षण असलेलाच. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर मिळतो, तो सगळ्यात टिकाऊ, पण त्यात आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसाला फार वाईट, त्यामुळे नवीन असाल तर स्प्रे कॅनमधला साधा अॅक्रिलिक क्लिअर घ्या किंवा गॅरेजवाल्याकडूनच मारून घ्या. दमट हवेत स्प्रे केला की वर पांढरट धुरकट थर येतो. पावसाळ्यात हे काम काढू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी दुपार सगळ्यात चांगली.

१०. बसवण्याआधी एक नमुना तापवून बघा

वीस मावळ्यांची बॅच लावण्याआधी एकच छापा, सगळ्यात बारीक हातापायाचा, त्याच रंगात, आणि एप्रिल-मे मध्ये गच्चीवर दोन आठवडे ठेवा. ठेवायच्या आधी शेजारी पट्टी धरून फोटो काढा, नंतर तसाच दुसरा. डोळ्यांना "ठीकच आहे की" वाटतं, फोटोत मात्र हात तीन मिलिमीटर खाली आलेला दिसतो. तो नमुना पास झाला तर बाकीचे लावा.

बसवताना वाऱ्याचा विचार करा, मूर्ती हलकी असते आणि वळवाचा वारा तिला शेजारच्या गच्चीत नेऊन टाकतो. चौथऱ्याच्या पोकळीत बुडाच्या भोकातून वाळू भरण्याची युक्ती सांगतात, पण वाळू ओल धरून ठेवते आणि भोक बंद करते. त्यापेक्षा चौथऱ्यातून स्टेनलेसचा स्क्रू खाली भिंतीत किंवा कुंडीत जाऊ द्या. भोक स्क्रूपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं ठेवा, कारण उन्हात प्लास्टिक फुगतं आणि जागा नसेल तर स्क्रूभोवती चिरतं.

पावसाळा संपला की एकदा साबणाच्या पाण्याने धुवायची, ड्रेनची भोकं टाचणीने मोकळी करायची, क्लिअर कोटची चमक गेली असेल तर एक हात परत मारायचा. थिनर किंवा अॅसिटोनच्या बोळ्याने पुसायचं नाही, एएसए लगेच चिकट होतं.

११. विकणार असाल तर

खूप जण दिवाळीच्या आधी मावळे छापून विकतात, चांगला धंदा आहे. फक्त नेटवरून उतरवलेल्या मॉडेलचं लायसन्स वाचा. बऱ्याच फाइलींवर व्यावसायिक वापर नको असं स्पष्ट लिहिलेलं असतं, मग मॉडेल बनवणाऱ्याची परवानगी किंवा त्याचं विक्रीचं सबस्क्रिप्शन घ्यावं लागतं. आणि पॅकेटवर कुठला माल आहे ते लिहा. पीएलए असेल तर "गाडीत ठेवू नये, उन्हाळ्यात माळ्यावर ठेवू नये" ही ओळ मराठीतच आणि मोठ्या अक्षरात छापा, मे महिन्यातले निम्मे फोन तिथेच वाचतात.